काकासाहेबांनी वाखाणलेली खीर

मु. पो. तिसगाव
माघ वद्य पंचमी, शके १८९२

राजमान्य राजश्री आप्पासाहेब यांस, तिसगावाहून रंगनाथचा हात जोडून रामराम.

इकडे आम्ही सर्व देवाच्या दयेने बरे आहोत, तुम्हीही तसेच असाल असं धरून चालतो. तुमचा गुडघा थंडीत पुन्हा धरला होता असं कळलं. रुईचं पान गरम करून बांधता की नाही? बांधत नसाल तर बांधा. (मी स्वतः बांधून पाहिलं नाही, माझे गुडघे अजून चांगले आहेत, पण ज्यांनी बांधलं ते बरं म्हणतात.) वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पाहुणे आमच्याकडे यायचे त्याच दिवशी तुमच्या पाटाच्या पाण्याची पाळी आली आणि तुम्हाला त्यांच्याबरोबर येता आलं नाही, याचं तेव्हा नुसतं वाईट वाटलं होतं. आता असं वाटतं की तुम्ही असता तर मला गप्प बसू दिलं नसतं, आणि मग हे पत्रही लिहावं लागलं नसतं.

आमच्या रतनसाठी तुम्ही तुमच्या देवळालीच्या काकासाहेबांचं स्थळ आणलंत. माणूस भला, गावच्या दूध सोसायटीचा चेअरमन, मुलगा खाली मान घालून काम करणारा. तुमच्या भाचीला यापेक्षा चांगलं घर मी पायाला फोड येईपर्यंत हिंडूनही शोधू शकलो नसतो. पाहुणे आले, मुलगी पसंत करून गेले, आणि पुढच्या आठवड्यात साखरपुडा आहे. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते खिरीचं, आणि ते सांगायचं म्हणजे मला गाईपासून सुरुवात करावी लागेल. थोडा धीर धरून वाचा.

दिवाळी झाल्यावर आमच्या तांबड्या गाईचं वासरू गेलं. गाय पान्हा सोडीना. कासेला हात लावला की लाथ झाडायची आणि दाराकडं बघून हंबरायची. तेव्हा शेजारच्या मच्छिंद्रने आपल्याकडं करतात तेच केलं. वासराच्या कातड्यात पेंढा भरला, पायांच्या जागी काठ्या घातल्या आणि ते गाईपुढं आणून उभं केलं. तिनं हुंगलं, चाटायला लागली आणि पान्हा सोडला. तुमची बहीण मालन खाली बसून धार काढत होती आणि वर ही बाई पेंढ्याला चाटत होती. आप्पासाहेब, हे काही मी पहिल्यांदा पाहिलं नव्हतं. लहानपणापासून पाहत आलो. पण पन्नाशीजवळ आल्यावर माणसाला जुन्याच गोष्टी नव्यानं दिसू लागतात की काय, कोण जाणे. त्या संध्याकाळी चहा गळ्याखाली उतरेना.

पुढं दत्तजयंतीचा सप्ताह बसला. आमच्याकडं काल्याच्या दिवशी ज्याला वाटेल त्यानं उठून एखादा जिन्नस देवासमोर सोडायची रीत आहे. लोक मोठे हुशार असतात. आमच्या चुलत्यांनी कारलं सोडलं होतं, जे त्यांनी जन्मात कधी तोंडात घातलं नव्हतं. मला वाटलं, सोडायचं तर खरं सोडावं. उठलो आणि सगळ्यांदेखत दूध, दही, ताक, लोणी, तूप सोडल्याचं सांगितलं. खाली बसतो न बसतो तोच महाराजांनी माझ्या ओंजळीत काला घातला. दह्यात कालवलेला. मी महाराजांकडं पाहिलं, महाराजांनी माझ्याकडं पाहिलं. प्रसादाला जिन्नस म्हणत नाहीत, असा निवाडा त्यांनी दिला म्हणून निभावलं. (तो घास किती गोड लागला हे देवळात सांगण्यासारखं नव्हतं.)

घरी आल्यावर मालन म्हणाली, "कारलं संपलं हुतं व्हय बाजारातलं?"

खरं तर आपल्या जेवणात दुधाचं असतं किती? भाकरी, पिठलं, हुलग्याचं शेंगोळं, मिरचीचा ठेचा, यात गाय कुठं येत नाही. नुसता कोरा चहा पीत राहिलो असतो तर माझा नेम पाण्यासारखा सरळ चालला असता. पण मला दुर्बुद्धी सुचली. मनात आलं, जे सोडलं त्याच्या जागी दुसरं करून दाखवावं, म्हणजे इतरांनाही वाट सापडेल. पहिल्यांदा शेंगदाणे भिजवून पाट्यावर वाटले, फडक्यातून पिळले आणि ते पांढरं पाणी चहात ओतलं. चहाचे दोन भाग झाले. वर तेल आणि खाली चिखल. मालनने गंजात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "ह्ये प्यायचं, का ह्यानं जमीन सारवायची?" मग त्याच दुधाचं दही लावलं. विरजण तर घालता येत नाही, म्हणून हिरव्या मिरचीची देठं टाकली (असं लागतं म्हणतात). दुसऱ्या दिवशी भांड्यात काहीतरी लागलं होतं खरं. मांजर आलं, वास घेतला आणि शेपटी वर करून मच्छिंद्रच्या घरी राहायला गेलं, ते संक्रांतीपर्यंत परत आलं नाही. चिंच आणि बेसनाची कढी केली. रतनने चाखून सांगितलं, "नाना, ही आमटी हाय." मी म्हटलं, कढी आहे. ती म्हणाली, "बरं, कढी. पर आमटी हाय."

पुरुषानं चुलीपुढं बसायचं म्हणजे गावात बोभाटा व्हायला वेळ लागत नाही. पाणवठ्यावर बायका मालनला विचारू लागल्या, की तुझी तब्येत बरी नाही का. ती बिचारी ऐकून घ्यायची आणि घरी येऊन माझ्यावर काढायची. पाटा धुवायचा तिनं, फडकी धुवायची तिनं, वाया गेलेल्या शेंगदाण्यांची हळहळ करायची तिनं, आणि पुण्य माझ्या एकट्याचं. हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही, आता आलं आहे.

शेवटी करडईने हात दिला. आमच्या या कोरड्या भागात जुन्या बायका करडई वाटून तिच्या दुधात गव्हाची खीर करत असत. माझी आईही करायची. मी तशीच केली. चुलीवर ठेवून देवळात पोथी ऐकायला गेलो, आल्यावर मालनने वाटी पुढं ठेवली, आणि आप्पासाहेब, काय सांगू! गाईचं दूध झक मारेल अशी खीर झाली होती. जाड, गोड, वर साय धरलेली. मी दोन वाट्या खाल्ल्या. त्या दिवसापासून मला जरा गर्व चढला. देवळात चार लोकांत बोलूनही दाखवलं, की गाईला त्रास न देता सगळं होतं, करणारा पाहिजे.

त्या गर्वातच पाहुण्यांच्या दिवशी मी हट्ट धरला की जेवणात हीच खीर. मालन म्हणाली, "आवं, दूध सोसायटीचा चेअरमन येतोय आन् त्याला करडई पाजता?" मी ऐकलं नाही. सकाळी स्वतः वाटलं, पिळलं, चुलीवर चढवलं, गूळ घातला आणि पाहुण्यांना आणायला एस.टी.च्या थांब्यावर गेलो.

पंगत बसली. काकासाहेबांनी खिरीचा घोट घेतला आणि थांबले. त्यांनी बोटावर थोडी खीर घेतली, अंगठ्यानं चोळून पाहिली (सोसायटीत बसून सवयच लागली असणार) आणि म्हणाले, "पाव्हणं, दूध म्हनावं तर ह्याला! काय फॅट हाय! आमच्याकडं सगळी पानी घालून आनत्यात." तीन वाट्या घेतल्या. मला वाटलं आता सांगावं. पण पुढ्यात जन्म दुधात घालवलेला माणूस, भोवती त्यांचे भाऊबंद, आणि आत दाराआड रतन. आत्ता सांगितलं तर त्यांचं हसं होईल, जेवण झाल्यावर सांगू, असं मी मनाशी म्हटलं. जेवण झालं. पान-सुपारी झाली. तेव्हा ते म्हणाले, गाय बघू.

गोठ्यात गेलो. पेंढ्याचं वासरू मालनने आधीच कडब्याच्या गंजीमागं सरकवून ठेवलं होतं, पाहुण्यांना ओंगळ दिसू नये म्हणून. काकासाहेबांनी गाईच्या पाठीवर हात फिरवला, कास पाहिली आणि विचारलं, "वासरू कुटंय?"

मी म्हटलं, "पलीकडं हाय."

खोटं काही बोललो नाही. पलीकडंच होतं. पण रोज पोथीला बसणाऱ्या माणसाला खरं बोलून खोटं कसं सांगता येतं, हे मला त्या दिवशी समजलं, आणि तेव्हापासून पोथीपुढं बसलो की कान तापतात. काकासाहेबांनी तिथंच सगळ्यांना हाक मारून सांगितलं, की आम्हाला भांडी नको, अंगठी नको, कापडाचोपडाचा आग्रह नाही. "पोरीसंगं आंदन म्हनून ही गाय-वासराची जोडी द्या, बास!" सगळे वाहवा म्हणाले. मीही मान हलवली.

आता पुढचं तुम्हीच डोळ्यांपुढं आणा. वऱ्हाड निघालं आहे, पुढं नवरीची बैलगाडी, मागं गाय, आणि गाईमागं मच्छिंद्र काखेत पेंढ्याचं वासरू घेऊन चालला आहे. मला पहिल्यांदा हसू आलं. मग रतनचा विचार आला. वासरू पाठवावं तर पहिल्याच दिवशी फसवणूक उघडी पडेल. न पाठवावं तर गाय पान्हा सोडणार नाही. सासरच्या घरात गाय आटली की बोल गाईला लागत नाही, तिला घेऊन आलेल्या सुनेला लागतो. चेअरमनच्या घरात तर जास्तच. एका मुक्या जनावराची फसवणूक बघवली नाही म्हणून मी दूध सोडलं, आणि त्याच दुधापायी आता माझ्या पोरीला टोमणे खायला पाठवतो आहे. नेम करताना माणसानं आपल्याभोवती कोण कोण उभं आहे हे बघावं. मी बघितलं नाही.

एवढंच सांगायचं होतं. तुम्ही मध्यस्थ, तुमचा शब्द त्यात गुंतला आहे, म्हणून लपवून ठेवणं बरं दिसेना. थोरांनी लहानांच्या चुका पोटात घालायच्या, वयानं आपण बरोबरीचे असलो तरी नात्यानं तुम्ही थोर आहात.

तुमचा,
रंगनाथ

ता. क. खरी विनंती वर लिहायची राहिली. काकासाहेबांना हे तुम्हीच सांगावं. खीर करडईची होती, गाईची नव्हती, आणि वासरू जिवंत नाही. माझ्या तोंडून ते निघणार नाही.

आणखी ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी रतनला वाचायला दिलं. सगळा मामला तिच्या जन्माचा, तिला कळायला हवं. तिनं शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "नाना, ती खीर तुमची नव्हती. तुमची फाटली. गूळ चुलीवरनं उतरवल्याव घालायचा असतो, तुमी आधीच घातला. आईनं ती शेळीला घातली आन् गाईच्या दुधाची केली." मी विचारलं, मग पहिल्यांदा केलेली, मी दोन वाट्या खाल्ली ती? रतन गोठा झाडायचा राहिलाय म्हणून उठून गेली.

तेव्हा खिरीबद्दल काकासाहेबांना काही सांगू नका. दूध ओळखण्यात त्यांची चूक झाली नाही. आमच्या घरात दूध ओळखता न येणारा माणूस मीच आहे. मालनला जाब विचारला, तर पीठ मळता मळता म्हणाली, "बरगड्या मोजता यायल्या हुत्या तुमच्या. नेम तुमचा हाय, चूल माजी हाय. देवाला काय सांगायचं ते मी सांगंन." देवाला ती काय सांगणार आहे ते मी विचारलं नाही. नेम मात्र आजपासून पुन्हा धरला आहे, आणि पेला मी स्वतः धुऊन घेतो.

शेवटचा ता. क. रात्रभर पडून राहिलो. पहाटे रतन गाईची धार काढायला निघाली, तिनं ते पेंढ्याचं वासरू उचललं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "अशी गाय नको म्हनून त्यांनी लगीन मोडलं तर मोडू द्या, नाना. पर मला तिथं जाऊन हे रोज धरायला लावू नका." पोर असं म्हणाल्यावर दुसऱ्याच्या तोंडून निरोप पाठवणं मला शोभेना. तेव्हा तुम्ही काकासाहेबांना सांगावं ही वरची विनंती मागं घेतो. मी स्वतः सांगतो. फक्त तुम्ही शेजारी उभे राहा, म्हणजे मला ऐनवेळी पुन्हा "पलीकडं हाय" म्हणता येणार नाही. हे पत्र पोस्टात न टाकता पहिल्या एस.टी.नं मीच घेऊन आलो आहे, कारण तुमच्यापुढं बसून तोंडानं एवढं सगळं सांगणंही मला झेपलं नसतं. वहिनींनी चहा आणला असेल तर तो कोरा हवा एवढं सांगा, आणि तुम्ही वहाणा घाला. मी समोरच बसलो आहे.