टीव्हीच्या दुकानातली खिडकी

मंगळवार, १४ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. तूही बरी असशील असं धरून चालतो. फोन करून विचारायची सोय मी ठेवलेली नाही, म्हणून हे पत्र. चौदा महिन्यांनी भावाचं पाकीट आलेलं बघून तू ते आधी टेबलावर ठेवलं असशील, निवांत चहा घेतला असशील आणि मगच फोडलं असशील. अक्षर केवढं मोठं म्हणून हसू नकोस, पेनच जाड आहे. त्यामुळे पानंही बरीच झाली आहेत.

आधी बातम्या. तुझ्या भावजयीचा गुडघा आता बरा आहे, ती जिने चढते आणि वर पोचली की मला ऐकवते. माझ्या दुकानाशेजारचा न्हावी निवृत्त झाला. त्याच्या कात्रीचा आवाज नसला की दुपारी मला चुकल्यासारखं होतं. दुकानात मग नुसती घड्याळं बोलत बसतात, जे ते आपल्या मताने.

आपली साडेसातची मालिका अजून चालू आहे. तू बघतेस का? तो डॉक्टर आठवतो? मेंदू तोच उघडायचा, बाळंतपण तोच करायचा आणि मधल्या वेळात वकिलाच्या मुलीवर प्रेमही करायचा. तू त्याला पहिल्याच आठवड्यात नापास केलंस. तू तुझ्या खुर्चीत, मी माझ्या, दोघांच्या कानाला फोन, असं आपण अकरा वर्षं बघितलं. पस्तीस वर्षं पेपर तपासलेल्या बाईंनी रोज एकाला तरी नापास केल्याशिवाय पानावर बसायचं नाही, हा तुझा नियम होता. "खरा माणूस असं करेल का रे?" तू विचारायचीस. मी "छे" म्हटलं की त्याचा निकाल लागला. झोपेतही दागिने न काढणारी सासू गेली, पडद्याआड लपून पाय बाहेर ठेवणारा खलनायक गेला. कुणाची म्हणून गय केली नाहीस.

गेल्या महिन्यात त्यात एक प्रसंग झाला. सख्खा भाऊ भर बाजारात बहिणीच्या शेजारून जातो. ती थांबते, हात वर करते आणि हा सरळ पुढे निघून जातो. तुझी भावजय भाजी निवडत होती. ती म्हणाली, "काहीतरीच दाखवतात. चार हातांवर बहीण उभी आणि याला ओळखू येत नाही? ताई असत्या तर याला दारातूनच परत पाठवला असता." मी उठलो आणि पाणी प्यायला आत गेलो. तहान लागली नव्हती.

परत येऊन म्हणालो, "हा टीव्ही बदलायला हवा. चित्र धूसर झालंय."

त्याआधी मी घरातले बल्ब बदलले होते. मग फोन बदलला, मोठ्या पडद्याचा घेतला. मग चष्मा, मग पुन्हा बल्ब. प्रत्येक वस्तूत काहीतरी खोट निघत होती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं माझं अंगण वर्षभर वाकडंच होतं. तुझी भावजय त्या शनिवारी टीव्ही बघायला बरोबर आली.

दुकान मोठं होतं आणि आत फार शांत होतं. एका भिंतीवर वरपासून खालपर्यंत टीव्हीच टीव्ही, आणि प्रत्येकावर एकाच वेळी एकच समुद्र. मी त्या निळ्या उजेडात किती वेळ उभा होतो कोण जाणे. पाय जमिनीला लागत नाहीत असं वाटत होतं. मग समुद्र गेला आणि एक बाई आली, एकाच वेळी वीस ठिकाणी. तिचे केस दिसत होते, कानातलं दिसत होतं, खांद्यावरची जरीची किनार दिसत होती. मध्ये, चेहऱ्याच्या जागी, वीसही ठिकाणी धुकं होतं. मला भीती वाटली नाही. ते इतकं संथ आणि सुंदर होतं की मी बघत राहिलो.

तिथली विक्रेती मुलगी गोड होती. पडद्याचं माप, आवाजाची खोली, रंगांची संख्या, सगळं तिने घडाघडा सांगितलं आणि विचारलं, "काका, यातला कुठला आवडला?"

मी उजवीकडच्या टोकाला बोट केलं. तिथे एक झाड होतं, त्याची फांदी सावकाश हलत होती, खालून एक सायकल गेली. रंग अगदी साधे, डोळ्यांना थंड. मी म्हणालो, "हा. बाकीचे नुसते भडक आहेत. याचं चित्र खरं वाटतं."

तुझ्या भावजयीने माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "अहो, ती खिडकी आहे."

आम्ही टीव्ही घेतला नाही. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं: आतल्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे, कडा शाबूत आहेत आणि राहतील. मी विचारलं, तो भाग बदलून मिळतो का. चाळीस वर्षं गिऱ्हाईकं मला हेच विचारत आली. ते म्हणाले, नाही.

ताई, पेन जाड आहे हे खोटं आहे. म्हणजे पेन जाडच आहे, पण मी ते शोधून आणलं. ओळी तुझ्या भावजयीने काळ्या शाईने आखून दिल्या आहेत. मी कडेच्या नजरेने, मान तिरकी करून लिहितो आहे. वर्गात असं लिहिताना तू मला पाहिलं असतंस तर कान धरून सरळ बसवलं असतंस.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो.

भावोजींचं घड्याळ तू माझ्याकडे दुरुस्तीला दिलंस आणि ते तबकडीवर ओरखडा घेऊन परत आलं. तू म्हणालीस, "तुझं लक्ष नव्हतं." मी म्हणालो, "ओरखडा आधीपासूनच होता." नव्हता. माझा चिमटा घसरला. भिंग लावूनही मला काट्याचं टोक सापडेना. ते घड्याळ त्यांच्या मनगटावर किती वर्षं होतं हे मला माहीत होतं, आणि तरी मी तुझ्या तोंडावर तुला खोटं पाडलं.

त्यानंतरच्याच आठवड्यात बँकेच्या पायऱ्यांवर एक बाई उभी होती. निळसर कपडे, एक हात वर केलेला. मला वाटलं बसला हात दाखवते आहे. मी बाजूला होऊन तिला वाट दिली आणि पुढे गेलो. चेहरा मला दिसला नाही गं. एवढंसुद्धा वाटलं नाही की कुणी ओळखीचं आहे.

संध्याकाळी तुझा फोन आला. "त्याने मला ओळख दिली नाही, आता मीही देणार नाही," असं तू तुझ्या भावजयीला म्हणालीस. तिने मला विचारलं. त्या क्षणी मला कळलं ती बाई कोण होती. आणि मी काय म्हणालो ते ऐक. म्हणालो, "बरोबर आहे तिचं. मी मुद्दामच गेलो."

गर्विष्ठ भाऊ जगात खपतो. ज्याला दिसत नाही त्या घड्याळजीकडे कोण घड्याळ देणार? एवढाच हिशेब केला मी, आणि त्यात तुला चौदा महिने एकटीला ठेवलं. रोज साडेसातला तू फोनकडे बघत असशील का, हा विचार मी करायचो आणि मग आवाज वाढवायचो. खरा माणूस असं करेल का, हे तू मला विचारूच नकोस.

शेवटी मी आणखी एक फोन घेतला. टीव्हीच्या दुकानातल्या त्याच मुलीने आग्रह केला. तो पत्रं वाचून दाखवतो, वेळ सांगतो. पहिल्यांदा त्याने मला वेळ सांगितली तेव्हा मी तो चटका बसल्यासारखा खाली ठेवला. मुलगी म्हणाली, "आपल्या माणसांचे फोटो यात घालून ठेवा काका. समोर कोणी आलं की तो नाव सांगतो." घरी तुझ्या भावजयीने तुझा निरोप समारंभातला फोटो घातला, मग तोच समोर धरला. फोनमधली बाई म्हणाली, "ताई. एक मीटरवर."

मी ते चार वेळा ऐकलं. चौथ्या वेळी मला रडू आलं, आणि तुझ्या भावजयीला मी तेव्हा सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग या ओळी आखायला बसली.

बारीक कामं मी दुसऱ्या दुकानात पाठवायला लागलो आहे. पट्टे आणि सेल हाताने चाचपून बदलतो. गिऱ्हाइकांना खरं सांगितलं. काही गेली, बरीच थांबली. मी उगाच घाबरलो होतो.

भावोजींच्या घड्याळाचा ओरखडा मला काढता येणार नाही. तू माफ करावंस असं म्हणायचा मला हक्क नाही, पण मला ते हवं आहे. रविवारी दुपारी मी घरीच असेन. तू आलीस तर दारात थांबू नकोस, हात वर करू नकोस. मी तुझ्याकडे बघत असेन तरी ते बघणं खरं धरू नकोस. आधी हाक मार. लहानपणी खेळातून घरी न्यायला यायचीस तेव्हा मारायचीस तशी. रागाने मारलीस तरी चालेल, मी उठून येईन.

फोन त्या दिवशी मी बंद ठेवणार आहे. तुझं नाव मला दुसऱ्या कुणाकडून ऐकायचं नाही.

तुझ्याजवळून निघून गेलेला आणि तुझ्या आवाजाची वाट बघणारा,

तुझा धाकटा