खुर्चीतल्या सोळा मात्रा

९ डिसेंबर, पांढुर्णा

आणि बाबा पुन्हा पुढे गेले. सोळाव्या मात्रेला मी हात वर केला. बाबांनी डोळे मिटले, क्लॅरिनेट चालूच. तिसऱ्यांदा.

"वरात दारात पोचल्याशिवाय थांबाचं नसते, बाई."

ही वरात नाही, म्हटलं. पोलंडचा जॅझ ऑर्केस्ट्रा. परवा सौंसरला, मी नोकरी करते त्या कॉलेजच्या सभागृहात. त्यांच्या एका रचनेत बाबांना एकट्याने वाजवायला सोळा मात्रांची मोकळी जागा. पसंत पडले तर एप्रिलात दीड महिना पोलंडला. तिकडचा एक वादक इकडे, इकडचा एक तिकडे, अशी योजना.

पासपोर्ट देव्हाऱ्यात ठेवलाय त्यांनी. लग्नांत हल्ली डीजे. बाबांचा बँड कोण सांगतो.

बाबांचा फॉर्म मी भरला. कुणाला दाखवला नाही. नोटेशन वाचता येतं का? हो, लिहिलं.

१० डिसेंबर

सौंसरला तालीम. ऑर्केस्ट्राची प्रमुख आन्ना. उंच, कमी बोलते. बाबांना खुर्ची दिली, समोर नोटेशनचा कागद ठेवला. बाबा कागदाकडे पाहून मान हलवत होते. शेजारच्याने पान उलटलं की हेही उलटत.

बसून सूर लागेना. श्वास अर्ध्यात तुटायचा. चाळीस वर्षं चालत वाजवलेलं. आन्नाने उभं राहायला सांगितलं. उभे राहिले, सूर मोकळा झाला, आणि चालू लागले. पायऱ्या उतरून, खुर्च्यांच्या मधून, थेट दारापर्यंत. माइक मागे राहिला. सोळा मात्रा कधीच संपलेल्या.

कॉलेजची पोरं हसली. आन्ना हसली नाही. वहीत काहीतरी लिहिलं.

बँडमधले ढोलवाले गुलाबकाका सोबत होते. "मास्तर, खुर्ची चावते काय तुमाले?"

पांढुर्ण्याच्या स्टँडवर उतरताना बाबांनी विचारलं, "फारमात काय लिवलं तू?"

सांगितलं.

क्लॅरिनेटची पेटी काखेत मारली. मग: "उद्या बसूनच वाजवतो. तुही नौकरी आहे तेथी."

११ डिसेंबर, सौंसर

सभागृह भरलेलं. बाबा बसले. दोन्ही पाय खुर्चीच्या पायांना अडकवलेले, घट्ट. सोळा मात्रा मोजल्या, बरोबर थांबले. एक सूर चुकला नाही. ऐकण्यासारखं काहीच नव्हतं.

टाळ्या. आन्नाने हात जोडले. निकाल सकाळी सांगते म्हणाली.

"बरोबर मोजलं न?" बाबांनी मलाच विचारलं.

"बरोबर."

उद्या त्यांच्या बँडची मोहगावला वरात, सकाळचीच. म्हणून गुलाबकाकांबरोबर लगेच गेले. मी मागे राहिले, मैत्रिणीकडे. ते पाय डोळ्यांसमोरून जात नाहीत.

१२ डिसेंबर

सकाळी ऑर्केस्ट्रा उतरला होता त्या विश्रामगृहावर गेले. आन्नाला सांगितलं, फॉर्ममधलं खोटं आहे, माझं आहे, बाबांना कागद वाचता येत नाही. तालमीतच कळलं होतं, म्हणाली. आज ते कुठे वाजवणार, एवढंच विचारलं.

मोहगावला, म्हटलं. लग्नात.

"चालत?"

"चालत."

निकाल मी विचारला नाही, तिने सांगितला नाही. नऊ वाजता ऑर्केस्ट्राची बस नागपूरच्या रस्त्याला न लागता मोहगावकडे वळली. मी पुढे बसले, रस्ता दाखवायला. बाबांना फोन केला नाही.