कोपऱ्यावरच्या अंगणाची पट्टी

मी, कौसाबाई भाईदास पाटील, वय त्र्याहत्तर, पूर्वी शिक्षिका आणि आता घरातल्या सर्वांना सूचना देणारी, राहणार गोमाई नगर, नंदुरबार, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी पेढा भरवलेला नाही. मरणाची घाई नाही. लाज वाटते, आणि ती कुठेतरी लिहिल्याशिवाय झोप येत नाही, म्हणून हा खटाटोप.

कलम १. कोपऱ्यावरचा बंगला माझा मुलगा नवनीत याला, कलम सहामध्ये लिहिलेला भाग सोडून. उत्तरेची खोली मुलगी स्वप्नाली हिची. ती सुरतेहून आली की तिला पाहुण्यासारखे बैठकीत झोपवू नये.

कलम २. बँकेत जे उरेल ते दोघांना सारखे. भांडायला पुरेल इतके ते नाही.

कलम ३. माझी मोहनमाळ सून काजल हिला. तिने ती कधी मागितली नाही, म्हणून.

कलम ४. माझे मोठे पितळी पातेले जाऊबाई तापीबाई यांच्याकडे आहे. लग्नाला नेले होते. त्या लग्नातल्या नवरीच्या मुलीचेही आता लग्न झाले. ते त्यांच्याकडेच राहू द्यावे. फक्त ते माझे आहे, एवढे त्यांनी कबूल करावे.

कलम ५. कानबाईचा चौरंग आणि तिचे दागिने मृत्युपत्राने देता येत नाहीत. ती कुळाची देवी. पुढे कोणाकडे बसवायची ते भाऊबंद ठरवतील. पण तिच्या नावाने मी जे बोलले ते मला परत घ्यायचे आहे. आमच्या कॉलनीमागे मिरची वाळत घालण्याची जुनी पथारी आहे. तिथे मिरची खुडणाऱ्या कुटुंबांसाठी चार मजली इमारती बांधण्याचा प्रस्ताव पालिकेत आला आणि कॉलनीत जो तो हरकती शोधू लागला. चहा पिताना मी सहज म्हणाले, ‘‘श्रावणात बाया कानबाईला डोक्यावर घेऊन त्याच गल्लीतून विसर्जनाला जातात. मग चौथ्या मजल्यावरून लोक देवीकडे खाली बघणार का?’’ मी गमतीने बोलले होते. नवनीतने तेच पालिकेच्या सुनावणीत गंभीर तोंडाने मांडले आणि कॉलनीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेव्हा मंगलाबाई मालचे उभ्या राहिल्या. त्या पथारीवर मिरची खुडतात, शेजारच्या पत्र्याच्या खोलीत राहतात आणि दरवर्षी आमच्या मिरवणुकीपुढे फुगड्या घालतात. त्या म्हणाल्या, ‘‘कानबाईले वरथून दखं त काय व्हस? आम्ही वरथून फुलं टाकसूत.’’

सभागृहात हशा पिकला. मी हसले नाही, पण ‘बाई बरोबर बोलतेय’ असेही म्हणाले नाही. हरकत असणाऱ्यांनी हात वर करावेत, असे सांगितल्यावर माझाही हात वर गेला. मुलांना शिकवत असे तसा, कोपर न वाकवता. मंगलाबाई माझ्याकडेच बघत होत्या. तेव्हापासून मी मागचे दार उघडत नाही. कचरासुद्धा पुढून टाकते.

कलम ६. दुसरी हरकत गल्लीची होती. अरुंद आहे, अग्निशमनाची गाडी वळणार नाही. सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, ‘‘कोपऱ्याच्या बंगल्याची थोडी बाजू मिळाली तर रस्ता पुरेल. मालक कोण?’’ नवनीत माझ्या कानाशी लागला, ‘‘आई, गप ऱ्हाय. कोपरा आपला शे, हाई आठे कोनले सांगानं नही.’’ त्याला तिथे भाड्याचे गाळे काढायचे आहेत. मालकीण मी. माझ्या नावाची घरपट्टीची पावती पर्समध्येच होती. मी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. जन्मभर वर्गात ‘खरे बोला’ म्हणून ओरडले आणि माझी वेळ आली तेव्हा चेन लावली. याची मला फार लाज वाटते. निर्णय पुढच्या सभेवर गेला आहे. तोवर रस्ता मिळाला नाही तर प्रस्ताव परत जाईल. सबब, माझ्या मृत्यूनंतर अंगणाची गल्लीकडची पट्टी कुंपणासह रस्त्यासाठी पालिकेस द्यावी.

कलम ७. वरील कलम लिहून मला हलके वाटले. आज मी मागचे दार उघडले, पथारीवर गेले आणि मंगलाबाईंना मोठ्या ऐटीत सांगितले, की मी गेल्यावर रस्ता तुमचा. त्यांनी हातातली मिरची खाली ठेवली.

‘‘म्हंजे आम्ही तुम्हनी मरानी वाट दखानी का, बाई? मिरच्या खुडता खुडता रोज इचारसूत, बाई गयात का? असं पाप आमना माथे नका टाका.’’

मी दान देते आहे असे समजत होते. खरे तर नवनीतचा राग मेल्यावर झेलायचा होता मला. जिवंतपणी मुलाशी भांडायला भिते, म्हणून इतक्या घरांनी माझ्या तिरडीची वाट पाहायची! सबब कलम ६ रद्द. सभेच्या आत मी स्वतः दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन पट्टीचे बक्षीसपत्र करून देणार आहे. नवनीतला आज जेवायच्या आधी सांगणार आहे.

हे मृत्युपत्र उघडाल तेव्हा ती पट्टी माझ्याच नावावर निघाली, तर मी पुन्हा भ्याले असे समजावे. मग माझ्या तेराव्याला कोणी माझ्याबद्दल चांगले बोलू नये.

लिहून देणार : कौसाबाई भाईदास पाटील (सही)

आम्हा दोघांसमोर बाईंनी वाचून सही केली :
१. करणसिंग गिरासे, निवृत्त पोस्टमास्तर (सही)
२. भंवरलाल जैन, किराणा दुकानदार (सही)

ठिकाण : नंदुरबार
दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५