भाऊसाहेबांच्या आत्मचरित्रातली आई

६ जाने., अमरावती
आमचे पुढारी भाऊसाहेब यांचं आत्मचरित्र काल प्रकाशित झालं. लिहिलं मी. हे तिघांनाच माहीत: ते, मी आणि आमची ही.

आज सकाळी शेजारचा देवीदास लोकल चॅनलवर तासभर पुस्तकावर तुटून पडला. तो विरोधी पक्षाचा. फाटकाशीच गाठला. वाचलंस का? तर म्हणे, "भाऊसाहेबाले तीस वर्षं ओळखतो. वाचाचं काय काम हाय?" प्रत देऊ केली तर हात मागे घेतला. कोणी पाहिलं तर पक्षात बोंब होईल म्हणे.

८ जाने.
देवीदासचा आजचा विषय, प्रकरण तीन. मुलाचा मॅट्रिकचा पेपर बुडू नये म्हणून आई अंजनगावच्या रस्त्यात बसून एसटी थांबवते, ते. कुणीतरी चार ओळींचा फोटो पाठवला, तेवढंच याचं वाचन. "रस्ता अडवाचं वळण घरूनच हाय!" समोरचा समर्थक उसळला. तो प्रकरण तीन म्हणजे तुरुंगवास समजून बोलत होता.

खरं तर ती आई माझी. भाऊसाहेब आईबद्दल सांगायला चारदा बसले, चारही वेळा कुठले ना कुठले सरपंच टपकले. छपाई अडली. मग घातली आपली.

११ जाने.
भाऊसाहेबांची धारणीला सभा. मलाही नेलं. आईच्या आठवणीने ढसाढसा रडले. भाषणात एसटीची रेल्वे झाली! अहो, स्वतःचं पुस्तक तरी... परतताना गाडीत मला विचारतात, "गुरुजी, माही माय लय खमकी होती ना?"
हो म्हणालो.

१२ जाने.
समर्थकांनी त्या जागी 'मातोश्री थांबा' मागितला. देवीदासचा विरोध. एकूण वाचक अजून शून्य.

१३ जाने.
चुकलो. वाचक एक. अकोल्याहून ताईचा फोन. वाचनालयातून आणून अथपासून इतिपर्यंत वाचलं. लिहिणारा मी, हे तिने आईवरूनच ओळखलं.
"माय बराबर लिहिली तू. पदर खोचून भांडणं, सारं."
मग म्हणते, "पण एसटी माह्यासाठी थांबवली होती रे. गावात पोरीच्या पेपरासाठी कोणी रस्त्यात बसलं नव्हतं. तू त्यातून मलेच काहाडलं?"
पुस्तकाला मुलगा लागत होता, असं काहीतरी पुटपुटलो. फार लाज वाटली. लिहिताना ताई मनातसुद्धा आली नव्हती.

१४ जाने.
देवीदासला उद्याच्या चर्चेला पुस्तक वाचलेला माणूस हवा. अख्ख्या अमरावतीत मिळेना, म्हणून माझ्या दारात. भाऊसाहेबांचाही निरोप, "जा गुरुजी, आपल्या बाजूनं बोला."
ताईला कळवलं.
"जाय," म्हणाली. "मी सकाळपासून टीवी लावून बसतो."
शर्ट इस्त्रीला दिलाय. काय बोलायचं ते ठरत नाही.