शेजारणीच्या घराचा मालक

५ जानेवारी
घर घ्यायचं. ठरलं.
सगळे कागद मी स्वतः तपासणार. वकील लावायचा नाही. विशेषतः मेहुणा तर नाहीच. हिचा भाऊ वकील आहे म्हणून त्याला आमच्या प्रत्येक गोष्टीत ओढायचं, असं थोडंच आहे? त्याला काहीही विचारा, आधी तो नाकातून हसतो, मग बोलतो. ते हसणं मला माझ्या घरात नको.
इंटरनेटवर हवी तेवढी माहिती आहे. टायटल, म्हणजे घराची मालकी, क्लिअर असली पाहिजे. बस. माझं चष्म्याचं दुकान आहे. क्लिअर म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये.

११ जानेवारी
घर सापडलं!
गल्लीच्या टोकाला दोन जुळी घरं आहेत, त्यातलं पिवळ्या दाराचं. मालक पोहण्याचे कोच होते, आता निवृत्त. मुलीकडे कायमचे चाललेत. शेजारच्या जुळ्या घरात एक निवृत्त नर्सबाई एकट्या राहतात. दुसऱ्या बाजूला लाँड्रीची भिंत. शांतता उत्तम.
हिला स्वयंपाकघराची खिडकी आवडली. आमच्या भाड्याच्या घरात ओट्यासमोर नुसती भिंत. ही त्या खिडकीशी जाऊन उभी राहिली ती हलेचना. मी मात्र व्यवहारी माणूस. आपल्याला घर आवडलंय हे मालकाला कळू द्यायचं नसतं. चेहरा अगदी कोरा ठेवला.
निघताना कोच म्हणाले, तुमचा होकार समजतो. माणूस भोळा दिसतो.

१८ जानेवारी
कागद आणले. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा भिंग घेऊन वाचले. एकही खाडाखोड नाही. शिक्के ठसठशीत.
संध्याकाळी हिनं वाचले. भिंगाशिवाय. म्हणाली, यात लिहिलंय घराच्या एका बाजूला जुळं घर आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी. पण आपल्या बाजूला तर लाँड्री आहे. टाकी आहे नर्सबाईंच्या पलीकडे.
मी शांतपणे समजावलं. ही कायद्याची भाषा आहे. टाकी त्याच बाजूला आहे ना? आहे. मध्ये फक्त एक घर आलंय.
ही म्हणाली, दादाला एकदा दाखवू या का?
मी विषय बदलला. बायकांना कागदातली खोली कळत नाही.

२० जानेवारी
कोचना टाकीबद्दल सहज विचारलं. ते म्हणाले, इतकी वर्षं राहतोय, टाकीनं कधी त्रास दिला नाही. आणि काठावर उभं राहून पाण्याचा विचार करणारा माणूस कधीच पोहायला शिकत नाही.
पटलं.

१६ फेब्रुवारी
रजिस्ट्रेशन झालं. नोंदणी कार्यालयात फोटो काढला, अंगठे घेतले. फोटोत मी मालकासारखा दिसतो. ही साक्षीदार, हिचे डोळे मिटलेत.
घरमालक! आज दुकानात एका गिऱ्हाइकाची नजर तपासता तपासता टायटल म्हणजे काय ते त्याला सविस्तर सांगितलं. ऐकताना तो फार गंभीर झाला. चष्मा नंतर करतो म्हणून गेला.

२ मार्च
हॉल रंगवून घेतला. फिकट निळा. रंग मी निवडला. हिनं स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा लावला, मग काढला. म्हणाली, उघडीच बरी.
कोच परवा विमानात बसले. जाताना त्यांनी मला मिठी मारली. जरा जास्तच घट्ट मारली असं आता वाटतं.

९ मार्च
घरपट्टीवर माझं नाव लावायला पालिकेत गेलो. खिडकीमागच्या बाईंनी कागद बघितले, नकाशा बघितला, पुन्हा कागद बघितले. म्हणाल्या, तुमचं घर टाकीला लागून आहे.
मी म्हटलं, मध्ये एक घर आहे.
त्या म्हणाल्या, तेच घर तुमचं आहे.
बाहेर बाकावर बसलो. नीट विचार केला. म्हणजे ही घरं बांधणाऱ्या बिल्डरनं पूर्वीच दोन्ही घरांचे कागद उलटसुलट केले. कोच आयुष्यभर नर्सबाईंच्या घरात राहिले आणि नर्सबाई कोचच्या. कुणाला पत्ता नाही. मी कोचकडून जे घर विकत घेतलं त्यात नर्सबाई राहतात. आणि मी रंगवलं ते घर नर्सबाईंचं.
हिला लगेच सांगायचं नाही. आधी प्लॅन तयार करायचा.

९ मार्च, संध्याकाळी
हिला सांगितलं. चेहऱ्यावरून कळलं म्हणे.
हिनं फायलीतून तेवढा टाकीचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली.

१० मार्च
नर्सबाईंकडे गेलो. डिप्लोमसी वापरायची ठरवून गेलो होतो, पण त्यांनी वेळच दिला नाही. सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मग सही करून टाकू की. तुमचं तुम्हाला, माझं मला."
शिवाय म्हणाल्या, निळा रंग छान निवडलात, माझ्या घराला शोभतोय. आणि हसल्या.
घरी येऊन विचार केला. इतक्या सहज तयार? कुणी आपलं रंगवलेलं घर असं देऊन टाकतं का? नक्कीच पाणी मुरतंय. हिला वाटतं, बाई चांगल्या आहेत. ही भोळी आहे.

१३ मार्च
त्यांचं घर, म्हणजे माझं, नीट पाहून आलो. बाहेरून. मागे बाग आहे. आमच्या मागे नुसती फरशी. त्यांना एक खोली जास्त असावी असा संशय आहे, टेप लावल्याशिवाय सांगता येणार नाही.
म्हणजे बाजू माझी वरचढ आहे. मग घाई कशाला? आधी जरा दबाव आणायचा, मग आपल्या अटींवर सह्या. मेहुण्याला हे सुचलं नसतं.
ही म्हणाली, त्या हो म्हणाल्यात, कागद करून मोकळे व्हा.
हिला निगोशिएशन कळत नाही.

१७ मार्च
इंटरनेटवरच्या एका व्हिडिओत सांगितलंय की नुसती मालकी पुरत नाही, ताबा लागतो. आज सकाळी घडीची खुर्ची घेऊन त्यांच्या, म्हणजे माझ्या, बागेत जाऊन बसलो. पेपर वाचला. शांत पण ठाम.
नर्सबाई बाहेर आल्या. मी उठलो नाही. त्यांनी चहा आणला. घेतला. चहा घेतल्यानं ताबा जात नाही.

१९ मार्च
ताबा चालू. त्यांनी मटारची टोपली पुढे ठेवली आणि म्हणाल्या, बसलाच आहात तर सोला. सोलले. मालकानं आपल्या घरातले मटार सोलायला हरकत नसावी.
उद्या लोकरीचा गुंडा करायचा आहे म्हणे. त्या घाबरल्यात. काहीतरी करून मला खूश ठेवू बघतायत.

२२ मार्च
हिनं खुर्ची लपवली.

२३ मार्च
ताबा जमत नसेल तर नोटीस. स्वतःच लिहिली. वकिलाला शोभेल अशी झाली. त्यातलं शेवटचं वाक्य इथे उतरवून ठेवतो: 'आपण माझ्या मालकीच्या घरात राहत आहात, तरीही पुढील निर्णय होईपर्यंत आपणांस तेथे राहू देण्यास मी उदार अंतःकरणाने तयार आहे.'
यात कठोरपणाही आहे आणि माणुसकीही आहे. दाराखालून सरकवली. आता बघू किती दिवस तग धरतात.

२५ मार्च
ही दुपारी नर्सबाईंकडे जाऊन आली. आल्यावर सांगितलं. बाई कपबशा कागदात गुंडाळून खोक्यात भरत होत्या. म्हणाल्या, नवरा गेल्यावर याच घरात राहिले, आता कुठे जाऊ ते ठरवतेय.
मी म्हटलं, मी तर राहू द्यायला तयार आहे, स्पष्ट लिहिलंय. वाचता येत नाही का त्यांना?
ही म्हणाली, "त्यांना वाचता येतं. तुम्हाला काय लिहिलंत ते वाचता येत नाही."
जेवण वाढलं. समोर बसली नाही.

२६ मार्च
झोप नीट लागली नाही. उशी बदलायला हवी.
सकाळी नर्सबाईंकडे जाऊन स्वतः खुलासा करावा असं ठरवलं. दारापर्यंत गेलो. आतून कागद गुंडाळल्याचा आवाज येत होता. बेल वाजवली नाही. त्यांच्या कामात व्यत्यय नको.

२९ मार्च
नर्सबाईंनी वकील केला. म्हणजे त्या साध्या नव्हत्याच, मी म्हणत होतो ना!
वकील म्हणजे मेहुणा.
नंबर हिनं दिला.

२ एप्रिल
मेहुण्याचं ऑफिस. फायलींचे ढीग, एक पंखा, चार खुर्च्या. टेबलाच्या पलीकडे तो आणि नर्सबाई. अलीकडे मी. हिनं आपली खुर्ची उचलून टेबलाच्या बाजूला ठेवली. म्हणाली, मधून वारा येतो.
मी तयारीनं गेलो होतो. तो हसला की काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. तो हसला नाही. नाकातूनही नाही. माझी नोटीस त्यानं दोनदा वाचली आणि उलटी करून ठेवली. मग म्हणाला, भाऊजी, चूक मुळात बिल्डरची आहे.
मी म्हटलं, अगदी बरोबर.
तो म्हणाला, दोन दस्त करायचे. एकात तुम्ही यांना यांचं घर द्यायचं, दुसऱ्यात यांनी तुम्हाला तुमचं. कागद आधी दाखवले असते तर कोचकडूनच सुधारून घेतलं असतं. असो.
ते 'असो' मला आवडलं नाही.
मग मी नर्सबाईंकडे वळून म्हटलं, माझी भाषा जरा कायदेशीर झाली असेल. त्या म्हणाल्या, मी घाबरले होते. एवढंच म्हणाल्या. मी पंख्याकडे बघितलं. फार कुरकुरतो तो पंखा.
पुढे त्या म्हणाल्या, सही करते. पण एक अट आहे. "ते घर मी यांच्या नावावर करणार नाही. यांच्या बायकोच्या नावावर करीन. मला सकाळी बागेत खुर्ची नकोय."
मेहुण्यानं माझ्याकडे बघितलं. हिनंही. मी म्हटलं, माझ्याही मनात हेच होतं.

३ एप्रिल
खरंच माझ्या मनात हेच होतं. पूर्वीपासून. बायकोच्या नावावर घर असणं शहाणपणाचं असतं. हे मी कुठेतरी वाचलंय.

१२ एप्रिल
दोन्ही दस्त आज झाले. सगळं माझ्या प्लॅनप्रमाणे.
पहिल्या दस्तात मी नर्सबाईंना त्यांचं घर दिलं. सही जरा मोठी केली. मालकाची शेवटची सही. मग कार्यालयाचा सर्व्हर बंद पडला. चहा प्यायला बाहेर उभे राहिलो. त्या चहापुरतं माझ्या नावावर जगात काहीच नव्हतं. मेहुण्यानं चहा दिला. घेतला. नर्सबाई हिला बागेतल्या रोपांची नावं सांगत होत्या. एक रोप खिडकीखाली लावायला द्यायचं ठरलं. मला कुणी विचारलं नाही.
सर्व्हर चालू झाला. दुसऱ्या दस्तात देणार नर्सबाई, घेणार ही. फोटोत या वेळी हिचे डोळे उघडे आले. माझ्यासाठी दस्तात जागाच नव्हती. शेवटी मेहुण्यानं मला ओळख पटवणाऱ्या साक्षीदाराच्या रकान्यात बसवलं. म्हणजे सगळ्या व्यवहाराचा पाया मीच म्हणायचा.
कारकुनानं मला विचारलं, तुम्ही या बाईंना ओळखता का? मी म्हटलं, अर्थात, चांगलाच ओळखतो.
मग त्यानं हिला विचारलं, "आणि हे कोण?"
हिनं माझ्याकडे नीट बघितलं. बघायला जरा वेळच घेतला.
"ओळखीचे आहेत," ही म्हणाली.