हामस्टरसाठी सरकार पैसे देतं

२ ऑगस्ट २०१४, शनि.

हेर वेबरनी आज गहू कापला. आमचे घरमालक तेच, शेतही त्यांचंच, आणि आमच्या बाल्कनीतून ते बांधापासून रस्त्यापर्यंत दिसतं. बाबा सकाळपासून खुर्ची टाकून बसलेले. माझे सासरे ते, पुण्याहून येऊन महिना झाला. हायडेलबर्गचा किल्ला त्यांनी पाच मिनिटांत पाहून संपवला होता, ही कापणी मात्र दुपारपर्यंत पाहिली. कृषी खात्यात जन्म गेला, रिटायर झाले तरी खातं अंगातून जात नाही.

मशीन रस्त्याकडेच्या शेवटच्या पट्ट्यापाशी आलं आणि वळून सरळ घरी गेलं. चांगला रुंद पट्टा तसाच उभा. पिकलेला, माना टाकलेला गहू.

बाबा ताडकन उठले. "अगं मृणाल, डिझेल संपलं की काय यांचं?"

मला काय माहीत. मी धुणं वाळत घालत होते.

५ ऑगस्ट, मंगळ.

पट्टा अजून उभाच. बाबांना अन्न गोड लागेना. संध्याकाळी फेरी मारून आले, सोबत हेर वेबरनी दिलेली बादलीभर प्लम. "तो माणूस रोज काहीतरी देतो आणि आपण नुसतं डांके डांके करतो. हे बरं नव्हे."

मग स्वयंपाकघरात माझ्यामागे. गहू का सोडला? आजारी आहेत का? माणसं मिळत नाहीत का? माझ्या पोळ्या चाललेल्या, लेक इरा स्विमिंगच्या बॅगेवरून डोकं खात होती. मी म्हटलं, "अहो बाबा, त्यात हामस्टर आहेत. म्हणजे रानउंदीरच हो. हामस्टरसाठी सरकार पैसे देतं त्यांना."

"असं होय! मग बरोबर." चेहरा एकदम उजळला.

सुटले एकदाची.

७ ऑगस्ट, गुरु.

संकेश्वरी मिरच्यांचा डबा रिकामा! आईने निवडून, ऊन दाखवून दिलेल्या, दिवाळीपर्यंत पुरवणार होते. नि.ला विचारलं. आमच्या नवरोजी निखिलरावांना घरात मिरच्या कुठे असतात तेच माहीत नाही. बाबा म्हणाले, "मी घेतल्या. जरा काम होतं." सदऱ्याला धुराचा वास. इराला शिंका. मोठ्या माणसाला किती खोदून विचारणार? पण मनात धुसफुस.

८ ऑगस्ट, शुक्र.

सगळं लिहून काढते.

नाश्त्याला बाबा भलतेच खुशीत. नि. कामावर गेलेला, माझा उरलाउब, म्हणजे रजा, इराला सुट्टी. बशीत उपमा वाढला आणि बाबा म्हणाले, "वेबरसाहेबांचं काम करून टाकलं हो मी."

कसलं काम?

मग सगळं सांगितलं, क्रमवार. परवा पट्ट्यात शिरून बिळं हेरली. काल डब्यात काड आणि मिरच्या पेटवून एकेका बिळाला धुरी दिली, फुंकणीने आत फुंकून. वरून ओल्या मातीने तोंडं लिंपली. "आता ही बुजवलेली बिळं बघायची. जे आतून उघडलं ते जिवंत, त्याला परत धुरी. नगरला, सांगलीला अख्खी गावं अशी साफ केलीत आम्ही. आता त्यांना एवढं विचार, शेपट्या मोजायला कुठे न्यायच्या?"

मी म्हटलं, "कसल्या शेपट्या?"

"अगं तूच म्हणालीस ना, उंदरांसाठी सरकार पैसे देतं. आमच्याकडेही शेपटीमागे द्यायचे."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. साठी. माझाच शब्द. उंदरांसाठी पैसे म्हटल्यावर कृषी खात्यातला माणूस दुसरं काय समजणार? मी तरी काय दिवे लावले, दोन वाक्यं जास्त बोलले असते तर जीभ झिजली असती का!

सांगितलं मग. की बाबा, मारायला नाही. जगवायला. तो गहू त्यांच्यासाठीच सोडलाय. हे जनावर इथून नाहीसं होत चाललंय, त्याला हात लावणंसुद्धा गुन्हा.

बाबा आधी हसले. मी चेष्टा करतेय वाटलं त्यांना. "उंदराला पिकलेला गहू? आणि वर शेतकऱ्याला पैसे? ही म्हणजे घुशीने दिलेली घूसच की!" मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं. उपमा तसाच राहिला.

आणि इरा. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर फक्त जर्मनमध्ये. शाळेत त्यांनी याच हामस्टरची चित्रं काढलीत, एक फ्रीजवर लावलंय. उठली, पांढरीफटक. "इश रेडे नी विडर मिट ईम." आजोबांशी कधीच बोलणार नाही. खोलीचं दार आपटलं.

बाबांनी विचारलं, "काय म्हणाली?"

काही नाही, म्हटलं.

९ ऑगस्ट, शनि.

हेर वेबरकडे गेले. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. अंगणात ट्रॅक्टरच्या पायरीवर बसवून सगळं सांगितलं. ओरडतील, घर सोडा म्हणतील, पोलीस बोलावतील, सगळ्याची तयारी करून गेले होते. ते ऐकत राहिले. टोपी काढली, परत घातली.

"फ्राउ शिंत्रे, मी लहान होतो ना, तेव्हा आम्ही पोरं हामस्टर पकडून द्यायचो. गाव पैसे द्यायचं. शेपटीमागे."

अगदी तोच शब्द, शेपटी.

"तेव्हा तो चोर होता. आता मी त्याला जेवण वाढतो. ब्रुसेल्सवाले आधी म्हणाले, जास्त पिकवा. आता म्हणतात, एवढं कापू नका. गेनाऊ, बरोबर. मी दोन्ही केलं."

मग खरी गोष्ट सांगितली. बुधवारी आम्टकडून, सरकारी कचेरीतून, एक बाई येणार, बिळं मोजायला. जिवंत बिळं सापडली तर पट्टा राहील, शेतही शेत राहील. नाही सापडली तर गावाला कित्येक वर्षं हवं असलेलं गेवेर्बेगेबीट इथे होईल. गोदामं, मोठे हॉल, नोकऱ्या. त्यांच्या जमिनीला गिऱ्हाईक तयारच आहे. गुडघे गेलेत, मुलगी श्टुटगार्टला, शेती करणार कोण?

मी विचारलं, तुम्हाला काय व्हावंसं वाटतं?

"मला नका विचारू. दोन्हीकडून माझं भागतं. झोपही दोन्हीकडून उडते." आणि परत प्लम दिली! बादली कुठे ठेवू मला कळेना.

संध्याकाळी नि.ला सांगितलं. मला वाटलं डोक्याला हात लावेल. तो म्हणतो, "आल्झो... एका अर्थी बरंच झालं." नि.च्याच कंपनीला तिथे हॉल हवाय. ऑटोबानवर रोज रखडणं संपेल, चालत ऑफिस. "आपण मुद्दाम केलं का? नाही ना? मग तोंड उघडायचं नाही. बाबांचा व्हिसा आहे, आपली इथे राहायची कायमची परवानगी अजून व्हायचीय. एका उंदरापायी?"

बारा वर्षं संसार केला या माणसाशी. आज टेबलापलीकडे कोण बसलंय म्हणून बघत राहिले. आणि सर्वांत वाईट म्हणजे तो बोलला त्यातलं अर्धं मला पटलं.

११ ऑगस्ट, सोम.

बाबा सकाळ-संध्याकाळ पट्ट्यात जातात. काठावर उकिडवे बसतात, लिंपलेली तोंडं बघतात. आज मीच विचारलं.

"एकही उघडलं नाही."

आपलं काम चोख झालं म्हणून ज्या माणसाने आयुष्यभर समाधान मानलं, त्याच्या तोंडून हे ऐकवेना. चहा निवला. म्हणाले, "हाताला सवय आहे गं. डोक्याला विचारलंच नाही."

इरा पाणीसुद्धा त्यांच्यासमोर ठेवत नाही. दुपारी त्यांनी तिचे आवडते तांदळाचे लाडू वळले. डबा उघडून बघितला, झाकण लावलं, गेली.

जेवताना बाबांनी जाहीर केलं. "मी नोकरीत खोटा अहवाल दिला नाही. त्या बाईंना मी स्वतः सांगणार. मृणाल, तू त्यांच्या भाषेत सांग."

नि. भडकला. "अहो बाबा, हे नगर नाही! इथे दंड होतो, केस होते. तुम्ही जाल पुण्याला, निस्तरायचं आम्ही!"

"म्हणूनच जायच्या आधी सांगतो."

मग दोघेही माझ्याकडे बघायला लागले. मी ताटं उचलली.

१३ ऑगस्ट, बुध.

बाई आल्या. म्हणजे बाई कसली, पोरगीच. टोपी, चिखलाचे बूट, पाठीला बांबूच्या काठ्या, टोकाला लाल फडकी. जिथे बीळ सापडेल तिथे काठी रोवायची. गुडघ्यावर चालत होती अक्षरशः. इरा सकाळीच तिच्यामागे लागलेली, काठ्या धरायला. दुपारपर्यंत एकही काठी रोवली नाही. पट्ट्याचा निम्मा भाग उद्या, म्हणाली. आवाज पडलेला.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. नमस्कार केला. सरळ उभे राहून सांगायला लागले. नाव, हुद्दा, किती वर्षं नोकरी. मग धुरी, मिरच्या, माती, सगळं. मध्ये थांबायचे, मी भाषांतर करावं म्हणून. शेवटी म्हणाले, "चूक माझी. वेबरसाहेबांची नाही, मुलांची नाही. जी शिक्षा असेल ती मला."

ती हसतमुखाने माझ्याकडे बघत थांबलेली.

आणि मी म्हणाले की हे माझे सासरे, भारतात शेतीखात्यात होते, एवढ्याशा प्राण्यासाठी तुम्ही एवढं करता याचं त्यांना फार कौतुक वाटतं.

कसं म्हणाले? अडखळले नाही, घाम नाही. मागच्या वर्षी बी-२ परीक्षा पास झाले तेव्हा आलं नव्हतं इतकं सुरेख जर्मन आलं. पोरगीचे डोळे भरले. दोन्ही हातांनी बाबांचा हात धरला आणि हलवत राहिली. दिवसभरात कोणी तरी चांगलं बोललं, म्हणाली.

बाबा हात तसाच सोडून उभे. परतताना म्हणाले, "एवढं ऐकून ती हसली कशी गं?"

"इथले लोक असेच असतात, बाबा. रागावत नाहीत."

माझी मलाच शिसारी आली. पण सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं.

जेवायला सगळे बसलो. नि.ला मी खुणेनेच सांगितलं, मिटलं. त्याने मजेत लोणचं मागितलं. इराने चमचा खाली ठेवला. मला वाटलं पोट दुखतंय.

"आजोबा, आईने खोटं सांगितलं. तुम्ही ते बोललात ते नाही सांगितलं. तिने दुसरंच सांगितलं."

मराठीत. सावकाश, शब्द जुळवत, एकेक धरून.

ती तिथेच होती, काठ्या घेऊन. दोन्ही भाषा समजणारी तिथे माझ्याखेरीज ती एकटीच. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही!

नि. ओरडला, "इरा!" ती दचकली नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ताटाकडे पाहत म्हणाले, "थोडा भात वाढ." मी वाढला. ते जेवले. तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

१४ ऑगस्ट, गुरु.

सकाळी उठले तर दोघं टेबलाशी. डोक्याला डोकं लावून. बाबा विचारतायत, "धुराला काय म्हणतात?" इरा सांगतेय, "राउख." "आणि माफ करा?" बाबांच्या तोंडून तो उच्चार निघेना, तिने तीनदा म्हणवून घेतला. मी आले तशी गप्प झाली. बाबा म्हणाले, "चहा झाला आमचा." आमचा.

थांबवता आलं असतं. दार माझ्याच बाजूला होतं.

गेले दोघं. बांधावरून, तिचा हात त्यांच्या हातात.

नि.चा फोन: "गेले? एकटे? मृणाल, थांबव त्यांना, आत्ताच्या आत्ता!" मी हो म्हटलं आणि खिडकीशी उभी राहिले.

इरा बोलतेय, हातवारे करून. बाबा शेजारी ताठ. ती पोरगी आधी हसली, कालच्यासारखी, मग हसायची थांबली. काठ्या खाली टाकल्या. मला वाटलं फोन काढणार. काढला, परत खिशात घातला. बाबांना काहीतरी विचारलं, इराने सांगितलं, आणि बाबा पट्ट्यात पुढे झाले, बोट दाखवत. इथे. इथे. इथे. ती मागोमाग, प्रत्येक ठिकाणी एकेक काठी रोवत. मेलेल्यांसाठी की जिवंतांसाठी, कोण जाणे.

आता तिघंही गुडघ्यावर आहेत. बाबांचे गुडघे कसे वाकले देव जाणे. पहिल्या बिळाची माती हातांनी काढतायत. रस्त्यावर हेर वेबर सायकल धरून थांबलेत, जवळ जात नाहीत.

मी चपला घालून दारापर्यंत गेले. परत आले. हे लिहितेय. फोन वाजतोय, नि.चाच. इरा पोटावर आडवी झालीय, कान बिळाला लावून, पोरगीने तिचे पाय धरलेत. बाबा हात वर करून सगळ्यांना गप्प राहायला सांगतायत.

मला कोणी बोलावलेलं नाही.