मालिकेतली थोरली

।। जय जिनेंद्र ।।
सदलगा, १० मार्च २०२५

चि. राजश्रीस राजमतीआक्काचे अ. आ. वि. वि.

फोनवर तुझं अर्धंच बोलणं माझ्या कानात शिरतं आणि उरलेलं मी मनानं जुळवते, म्हणून हे पत्र. मालक जाऊन चार महिने झाले आणि तुला प्रणिताकडे शहापूरला जाऊन तीन. लेकीकडे पंधरा दिवस राहून येते म्हणाली होतीस. गोमटेश दर रविवारी विचारतो की धाकटी आई कधी येणार. येईल म्हणून सांगते. गुडघ्यांचं विचारू नको, सांगायचाही कंटाळा आलाय.

परवा टीव्हीवर ती गुन्ह्यांची मालिका लागली. आठवडाभर जाहिरात चालू होती, की डोंगरात कुठला पंथ, त्याच्या गुरूला नऊ बायका, त्यातल्या धाकटीचा खून. सूनबाई माधवी माझ्या कानाशी ओरडून गोष्ट सांगत होती. पण सगळ्यावर पाणी पडलं बघ. नऊ जणींच्या साड्या एकसारख्या, कडक इस्त्रीच्या, आणि बायका दिवसभर रांगेत उभ्या. स्वयंपाक कोण करतं, धुणं कोण धुतं, काही पत्ता नाही. इन्स्पेक्टर आला, गॉगल काढला आणि पाऊण तासात खुनी धरला. खुनी कोण, तर थोरली बायको. धाकटीला पंथात तिनंच आणलं आणि तिनंच दुधातून विष दिलं. मला आधीच कळलं होतं, तिला काजळ लई फासलं होतं.

मधे मागची आठवण म्हणून एक प्रसंग होता. धाकटीला बांगड्या भरतात आणि ती रडते. तेव्हा गोमटेश उठून अंगणात गेला. माधवी ओरडायची थांबली. मला कुणी काही बोललं नाही, पण तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. थोरली म्हटली की वाईटच का गं? तुझी दोन्ही बाळंतपणं मी काढली. तुझा गोमटेश माझ्या मांडीवर वाढला. तू तो भाग बघ आणि मला खरं काय ते लिही. आणि आता ये.

लोभ आहे, तो विचारायला लावू नको.
तुझी आक्का

।। जय जिनेंद्र ।।
शहापूर, बेळगाव, १९ मार्च

ती. आक्कास धाकट्या राजश्रीचा सा. न. वि. वि.

प्रणितानं मोबाईलवर लावून दिला, तो भाग बघितला. निम्म्यात मला डुलकी लागली. नऊ बायकांत एकीला सर्दी नाही, एकीची भाजी करपत नाही. आपल्या दोघींचा लोणच्याच्या बरणीवरून आठ-आठ दिवस अबोला असायचा, त्यावर यांचे तीन भाग निघाले असते. आणि त्या गुरूला नऊ जणींची नावं पाठ! मालक आपल्या दोघींतही चुकायचे. लिहिणाऱ्यानं दोन बायकांचं घर लांबूनही बघितलेलं नाही.

तू वाईट नव्हतीस. माझ्या आजारपणात तू उशाशी बसलीस, हे मी कुणापुढंही सांगेन. पण खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहिते. आक्काला ताप येतोय, तंबाखूच्या दिवसांत महिनाभर तिच्या हाताखाली राहा, असं सांगून आईनं मला सदलग्याला धाडलं. सतरा वर्षांची होते. तू बसवरून मला घेऊन आलीस आणि दुसऱ्या दिवशी कासाराला बोलावलंस. बहिणीनं हौस केली असं वाटून मी हसत हात पुढं केला. हिरवा चुडा भरून झाला आणि शेजारच्या शालूबाई म्हणाल्या की नवरी देखणी आहे. तेव्हा मला कळलं.

तुला मूल नव्हतं. सासरचे परकी सवत आणायला निघाले होते, म्हणून तू पाठची बहीण आणलीस. तुझी अडचण मला समजते. पण मला कुणी विचारलं नाही, आक्का. आईनं नाही, मालकांनी नाही. तूही नाही. मी भांडायला लिहीत नाही, तेवढं बळ राहिलेलं नाही. फक्त खूप दमले आहे.

गोळ्या वेळेवर घे.
तुझी राजश्री

।। जय जिनेंद्र ।।
सदलगा, ४ एप्रिल

चि. राजश्रीस अ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. एवढं केलं, त्याचं हे फळ, असं दोन दिवस भांडी घासताना पुटपुटत होते. मग राग गेला आणि लाज तेवढी राहिली. म्हणून उत्तराला उशीर.

ती तापाची थाप आईची नव्हती. मला ताप-बिप काही नव्हता, मीच तिला तसं सांगायला लावलं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही. हे मी आजवर मंदिरात देवापुढंही बोललेले नाही.

आता विचारते. सदलग्याला परत येऊन माझ्याजवळ राहशील का? तुझ्याशिवाय घर खायला उठतं, पण तुला नको असेल तर नाही म्हण. गोमटेशची समजूत मी काढीन. तुझी खोली रोज झाडते ती सवयीनं, त्याचं ओझं घेऊ नको.

तुझी
राजमती

।। जय जिनेंद्र ।।
शहापूर, ११ एप्रिल

ती. आक्कास सा. न. वि. वि.

नाही, आक्का. मी येणार नाही.

एवढंच लिहून पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ रडले. प्रणिता घाबरली. तिला सांगितलं की काही दुखत नाही. सेहेचाळीस वर्षांत तू पहिल्यांदा विचारलंस, म्हणून मला पहिल्यांदा नाही म्हणता आलं. ते रागानं म्हटलेलं नाही. इथं पहाटे गल्लीत मागांचा खडखडाट सुरू होतो तेव्हा मी पांघरुणात असते आणि मला कुणी उठवत नाही. हे सुख मला आणखी थोडं भोगू दे.

तुला यावंसं वाटलं तर गोमटेशला गाडी काढायला सांग. हवं तितकं राहा. सवत होऊन तुझ्या घरात जन्म काढला, आता तुझी बहीण म्हणून तुला भेटायचं आहे.

तुझी
राजश्री